ठाकरवाडीचं गाणं

आमच्या शहापूर-मुरबाडकडे गाणं घरात आलं ते रेडिओबरोबर. त्याआधी गाणं म्हणजे कुणीतरी समोर बसून म्हणायचं, नाहीतर ते नव्हतंच. लग्नात धवलारीण धवळे म्हणायची. लावणीला (ही भाताची लावणी, तमाशातली नव्हे) चिखलात वाकलेल्या बाया एकीने म्हटलेलं दुसरीने उचलायच्या. एकादशीला देवळात भजन. आणि पौष पुनवेला म्हशाच्या जत्रेत तमाशाचे फड. म्हशाची जत्रा म्हणजे बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार. बापाचं लक्ष बैलाच्या दातांकडं आणि पोराचं तंबूतल्या सिनेमाकडं, असं आमच्याकडच्या प्रत्येक घरात झालेलं आहे.

सिनेमाचं गाणं गावात यायचं ते कर्ण्यातून. लग्न ठरलं की शहापूरहून किंवा मुरबाडहून स्पीकरवाला बैलगाडीत बॅटरी, मशीन, दोन कर्णे आणि तबकड्यांची पेटी घालून यायचा. कर्णा आंब्याच्या शेंड्याला बांधायचा. तो वाजायला लागला की पाच गावांना कळायचं, आज अमक्याच्या घरी हळद आहे. टाचणी झिजली की आवाज घोगरा यायचा, तबकडीला चरा पडला असला की तोच शब्द पुन्हा पुन्हा यायचा आणि मांडवात हशा पिकायचा. त्या कर्ण्याने एक गोष्ट मात्र केली. धवलारणीचा आवाज झाकला. ती बिचारी मांडवाच्या कोपऱ्यात बसून म्हणत राहायची, नवरीच्या आईला तेवढं ऐकू यायचं.

रेडिओला तेव्हा लायसन लागायचं. पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. माणसाच्या नावावर जमीन नसेल पण रेडिओचं लायसन आहे, अशीही घरं होती. सेल उतरले की उन्हात वाळत घालायचे, अजून दोन दिवस चालायचे. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवरून अमीन सयानी बिनाका गीतमाला सांगायचे, ते ऐकायला ओटीवर निम्मी आळी. हा कार्यक्रम 1952 साली सुरू झाला. त्याच वर्षी आपल्या सरकारी रेडिओवर केसकर मंत्र्यांनी सिनेमाच्या गाण्यांना दार लावलं, म्हणून लोक सिलोनकडे गेले. सरकारला चूक कळायला पाच वर्षं लागली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली. मराठी गाण्यासाठी मात्र आमचं सगळं मुंबई केंद्रावर. ‘कामगारसभा’ आणि ‘आपली आवड’. आटगावचा किंवा खर्डीचा कुणी कामगार गिरणीत असला आणि त्याचं नाव ‘आपली आवड’मध्ये आलं, तर त्याच्या घरी चहाला माणसं जायची.

हे सगळं सांगतोय ते एका सिनेमाच्या गाण्यांसाठी. त्या गाण्यांचा मी वेडा आहे. अजूनही आहे. बायको म्हणते, तुम्हाला एकच सिनेमा माहीत आहे. तसं नाही. ‘सांगत्ये ऐका’मधलं वसंत पवारांचं काम मला ठाऊक आहे, ‘पिंजरा’तले राम कदम ठाऊक आहेत. लताबाईंनी ‘आनंदघन’ नावाने संगीत दिलं त्यातला ‘साधी माणसं’ तर आमच्याकडे सगळ्यांनाच प्रिय. पण ‘जैत रे जैत’ वेगळा. तो आमच्या डोंगरातल्या माणसांवर काढलेला सिनेमा.

सिनेमा 1977 सालचा. कादंबरी गो. नी. दांडेकरांची. कर्नाळ्याच्या पायथ्याची ठाकरवाडी, भगताचा पोर नाग्या, ढोल वाजवणारा. मधमाशी त्याच्या डोळ्याला चावते, डोळा जातो, आणि तो लिंगोबाच्या सुळक्यावरच्या माशांशी वैर धरतो. चिंधी नवऱ्याला सोडून त्याच्याकडे येते. शेवट वाईट आहे. दिग्दर्शक जब्बार पटेल, नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गाणी ना. धों. महानोरांची. त्या वर्षीचं मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं.

अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीचं बोर्ड 1975 ला सुरू झालं. मी त्या पहिल्या काही बॅचमधला. दहावी होऊन मी घरच्या शेतीत शिरलो आणि एकदोन वर्षांत ही गाणी रेडिओवर आली. तेव्हा सिनेमा बघितलेला नव्हता, म्हणजे मी ही गाणी आधी नुसत्या कानाने बघितली. राब भाजून झाले होते, आवण टाकायचं होतं, आभाळ भरून आलेलं, आणि आशाबाईंचं ते आभाळ खाली उतरण्याचं गाणं लागलं. मी नांगर सोडला नाही, पण बैल उभे राहिले एवढं आठवतं. सिनेमातला पाऊस तोवर हिरोईनला भिजवण्यापुरता असायचा. हा पाऊस शेतकऱ्याचा होता. तो यायच्या आधी अंगात जे होतं ते त्या चालीत होतं.

नंतर कळलं की गाणी लिहिणारा माणूस खरोखरचा शेतकरी आहे. अजिंठ्याजवळच्या पळसखेडचा. 1967 साली त्यांचं ‘रानातल्या कविता’ आलं होतं. 1978 मध्ये ते विधान परिषदेवर गेले, तिथंही पाण्यावर आणि शेतीवर बोलले. 3 ऑगस्ट 2023 ला ते गेले तेव्हा आमची लावणी चालली होती. मी त्या दिवशी बांधावर मोबाइलवर लताबाईंचं ते रात्र टाकून देण्याचं गाणं लावलं. साप कात टाकतो तशी बाई रात्र टाकते. पहिल्या पावसानंतर बांधावर सापाची कात पडलेली असते, चिंधीएवढी हलकी. ती ज्याने हातात घेतली आहे त्याला त्या गाण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. लावणीच्या बायकांनी विचारलं, कोण वारलं? मी म्हटलं, गाणं लिहिणारा. एक म्हणाली, “गाणं लिव्हतात व्हय?”

तिचा प्रश्न साधा नव्हता. त्यावर पुढे येतो.

सिनेमात बोलणं कमी आणि गाणं जास्त. गोष्ट गाण्यांतूनच पुढे सरकते. पुरुषांचे आवाज रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे. हे दोघे ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातले. 1972 पासून तिथं माणसांची रांग उभी राहून पडद्यासारखी हलते आणि गाते. तीच सवय इथं उपयोगाला आली असं मला वाटतं, कारण ठाकरही रांगेत नाचतात. एकाच्या कमरेमागे दुसऱ्याचा हात, मधे ढोलकीवाले, अर्धा गोल फिरतो. साठे-काळेंच्या गळ्यात गाणाऱ्या एकट्या माणसाचा डौल नाही. दहा माणसं मिळून म्हणतात तेव्हा जो थोडा खरखरीतपणा येतो, तो आहे. आणि लताबाई-आशाबाई एवढ्या मोठ्या, त्यांनीही आवाज मोकळा सोडलाय, रानात हाक मारतात तसा.

माझं हे प्रेम मी ठाकरवाडीत घेऊन गेलो. आमच्या गावाच्या वर डोंगराला ठाकरवाडी आहे. आमच्या दोन्ही तालुक्यांत ठाकर पुष्कळ. त्यांच्यात क-ठाकर आणि म-ठाकर असे दोन भाग, बोलीही थोडी वेगळी. आमच्या लावणीला, कापणीला, झोडणीला हीच माणसं. उन्हाळ्यात बाया करवंदं, जांभळं घेऊन आसनगाव, कल्याणला जाऊन बसायच्या. शेती संपली की भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर. म्हणजे आमचं भात त्यांच्या हातचं, पण लग्नाचं जेवण वेगळ्या पंगतीला, हेही इथं लिहिलं पाहिजे. प्रेमाचं लिहायचं आणि हे गाळायचं, असं नको.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. गणपतीत किंवा पूजेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, रात्रभरात तीन सिनेमे. पहिला देवाचा, दुसरा मारामारीचा, तिसरा निम्मे लोक झोपल्यावर कुठला पण. एका वर्षी वर्गणी गोळा करणाऱ्यांत मी होतो. मी अडून बसलो की पहिला सिनेमा ‘जैत रे जैत’. कल्याणच्या एका व्हिडिओ लायब्ररीत कॅसेट मिळाली. आणि वर वाडीवर निरोप पाठवला की तुमच्यावरचा सिनेमा आहे, सगळ्यांनी या.

आले. पन्नास-साठ माणसं, पोरंबाळं धरून. टीव्हीपासून लांब बसली, आमच्या माणसांच्या मागे. मी पुढे या म्हटलं तरी नाही आली.

पहिला अर्धा तास ती हसत होती. कशाला हसतात ते आधी कळेना. मग कळलं. ढोल धरायची पद्धत, डोक्याचं फडकं बांधायची तऱ्हा, चिंधीचं लुगडं. हे असं कुठं असतं, म्हणून हसत होती. मोहोळाचा भाग आला तेव्हा पुरुषांत जोरात वाद लागला. दोर कुठून सोडायचा, धूर कुठल्या अंगाने घालायचा. आग्या मोहोळ ज्यांनी काढलंय त्यांचा तो वाद. आमची माणसं मागे वळून “गप रं” म्हणायला लागली. पण चिंधी मेली तेव्हा ठाकरवाडीतल्या बायका रडल्या, आमच्यातल्या नाही रडल्या. माझ्या मनात हे खोल गेलं.

दुसऱ्या दिवशी वाडीतले ढोलकरी बाबा शेतावर भेटले. त्यांचा ढोल दोन्ही तालुक्यांत माहीत होता, गौरीच्या नाचाला लांबून बोलावणं यायचं. मी विचारलं, बाबा, गाणी कशी वाटली?

“चांगली हायेत, दादा.”

मी म्हटलं, तुमचीच गाणी आहेत.

“नाय. आमची नायत.”

का नाहीत, विचारलं. बाबांनी विडी विझवली आणि कानामागे ठेवली. “आमच्या गाण्यात आमची नावां असतात. कोन आला, कोन नाय आला, कोनाची सून पळाली, कोनाचा बैल मेला. तो जो गाना व्हता कनी, त्यात कोनाचंच नाव नाय.”

मी त्यावर बोलू शकलो असतो. नाग्या आहे, चिंधी आहे, लिंगोबा आहे. पण बाबांना तसं म्हणायचं नव्हतं. त्यांचं गाणं त्या रात्रीपुरतं असतं. जो हजर तो गाण्यात. उद्याच्या नाचात वेगळी माणसं, मग वेगळं गाणं. ते लिहून ठेवायचं कशाला? म्हणून ती बाई मला म्हणाली होती, “गाणं लिव्हतात व्हय?”

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करत आलोय, आणि माझं मत सांगतो. महानोरांची गाणी ठाकरांची नाहीत, हे बाबांचं खरं. त्यातले शब्द पळसखेडच्या रानातले आहेत. तिकडे काळी जमीन, आमच्याकडे लाल माती आणि भात. चाल बांधणारा मंगेशकरांच्या घरातला, ज्ञानेश्वरी-मीरेला चाली देणारा. ठाकरी बोलीतलं त्यात फार थोडं असावं. पण म्हणून ती खोटीही नाहीत. एका कोरडवाहू शेतकऱ्याने दुसऱ्या रानातल्या माणसांकडे बघून लिहिलेली गाणी आहेत ती, आणि बघताना खाली बघितलेलं नाही. तोवरच्या सिनेमात आदिवासी म्हणजे पिसं लावून हुर्रे करणारी माणसं. इथं ठाकर बाई स्वतःच्या मनाने नवरा सोडते आणि त्यावर लताबाईंचा आवाज येतो. त्याचा मोठेपणा मी कमी मानणार नाही. बाबांनी मान्य केलं नाही तरी.

पण मग बाबांच्या गाण्याचं काय? त्याला कुठलं पारितोषिक नाही, तबकडी नाही. ठाकरांवर पुस्तक आहे. बदलापूरच्या ल. ना. चापेकरांनी 1960 मध्ये सह्याद्रीतल्या ठाकरांवर इंग्रजीत लिहिलं. आमच्या मास्तरांनी त्यातलं थोडं वाचून दाखवलं होतं, मला इंग्रजी तेवढं येत नाही. सरोजिनी बाबरांनी राज्यभरच्या बायांच्या ओव्या आणि गाणी गोळा करून छापली, ते फार मोठं काम. पण छापलेल्या गाण्याला ढोल नसतो.

दोन वर्षं पेंढ्याला बरा भाव आला तेव्हा मी टू-इन-वन घेतला. रेडिओ आणि टेप एकात. सगळे लोक त्याच्यावर प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप ऐकायचे, मीही ऐकायचो. उमपांचा आवाज म्हणजे डोंगरावरून दगड सुटावा तसा. पण टेपला भरायचं बटण असतं, लाल. एका होळीच्या आधी मी 60 मिनिटांची कोरी कॅसेट घेतली, वर वाडीवर गेलो. बाबा, त्यांची म्हातारी, आणखी नऊदहा माणसं. बाबांनी विचारलं, हे यंत्र वाटेल तवा बोलेल? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग आज सगळ्यांची नावां घेतो. आणि घेतली. अर्धा तास एक बाजू, अर्धा तास दुसरी. माझंही नाव घेतलं. मी कुठल्या पंगतीला वाढतो त्यावर एक टोमणा मारला, सगळे हसले, मीही हसलो. काय करणार, खरं होतं.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या खिट्ट्या असतात, दोन बाजूंच्या दोन. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. मी घरी आल्याआल्या दोन्ही मोडल्या. पण खिट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावली की मशीनला फसवता येतं, हे गावातल्या पोरांना माझ्याआधी माहीत होतं. काही वर्षांनी आळीत एक लग्न निघालं, कॅसेट मागून नेली, आणि एका बाजूवर हळदीची गाणी भरली. कोळीगीतांची तेव्हा लाट होती. म्हणजे कर्ण्याने धवलारणीचं जे केलं तेच इथं झालं. पोरांना मी शिव्या दिल्या, पण त्यांना तरी काय, त्यांना ती ढोलाची खडखड वाटली.

त्यानंतरचं लवकर सांगतो, कारण त्यात मला तेवढा रस नाही. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. बेंजो पार्ट्या आल्या, मग डीजे. आता हळदीला आमच्याकडे जो डीजे लागतो त्याने कौलं हलतात, दुभत्या म्हशी दूध चोरतात. 2016 मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा दोन वर्षं दुसरं काही ऐकलं नाही. अजय-अतुल चांगलेच आहेत. ‘जोगवा’ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता, आणि ‘सैराट’चं संगीत त्यांनी अमेरिकेत जाऊन मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं, हे ऐकून मला अभिमान वाटला. गावच्या गोष्टीला एवढ्या लांब जाऊन व्हायोलिनं लागतात तर लागू देत. पण ठाकरवाडीतही आता लग्नाला ‘सैराट’च वाजतो आणि ढोल पडवीत टांगलेला असतो. चामडं उंदराने खाल्लेलं.

बाबा जाऊन आता पंधरा वर्षांवर झाली. त्यांचा नातू वाशिंदकडे कंपनीत कंत्राटावर आहे, हळदीच्या सिझनला एका पार्टीत कॅसिओ वाजवतो. गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला. काका, आमच्या आजाची कॅसेट तुमच्याकडे आहे म्हणतात. होती. टू-इन-वनचा पट्टा तुटून वितळला होता. कल्याणला एक म्हातारा दुरुस्तीवाला अजून पट्टे ठेवतो, त्याच्याकडून बसवून आणला. आमच्या पुतण्याने तारेने मोबाइलमध्ये उतरवून दिलं. पट्टीवर बुरशी धरली होती. सुरुवातीची चार मिनिटं नुसती सरसर, मग ढोल वर येतो.

नातू ओटीवर बसून ऐकत होता. नावं येत गेली तशी मी सांगत गेलो, हा कोण, ती कोण. अकरा नावं निघाली. त्यातली आता तीन माणसं हयात आहेत, त्यांतली एक माझी. तो दोन वेळा म्हणाला, थांबा, मागं घ्या. त्याच्या आज्याने त्याच्या बापाचं नाव घेतलंय, तेव्हा बाप सात-आठ वर्षांचा असेल, शेळ्या सोडून नाच बघायला आला म्हणून त्याला गाण्यातच ओरडलाय. बाप चार वर्षांपूर्वी भट्टीवरून येताना टेम्पो उलटून गेला.

नातवाला एवढंच हवं होतं का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, नाही, ठेका बसवायचाय. कॅसिओवर हा ठेका बसत नाही, मधे एक मात्रा कुठंतरी लपते. तो मोबाइल कानाला लावून मांडीवर बोटं वाजवत बसला, चुकला की पुन्हा सुरुवात. मग मला विचारलं, दुसऱ्या बाजूला काय होतं?

दुसऱ्या बाजूला हळदीची गाणी आहेत. पण पोरांनी ती भरताना पट्टी संपायच्या आधीच मशीन बंद केलं होतं, त्यामुळे शेवटची अडीच-तीन मिनिटं बाबांची म्हातारी शिल्लक आहे. तिच्याबरोबर ढोल नाही, बाया आहेत. शब्द मला सगळे लागत नाहीत, तिची बोली जुनी. वाडीत एक आजी आहे, तिला लागतील. कापणी उरकली की नातू तिला घेऊन येणार आहे.